रंगीत मासा घेताना: टोचलेला रंग, जनुकातला रंग आणि जातीचा रंग

एकाच टँकमध्ये एकाच जातीचे मासे गुलाबी, निळे, हिरवे, जांभळे असे दिसले, तर किंमत विचारण्याआधी हा रंग आला कुठून ते विचारा. रंग चार वाटांनी येतो: बाहेरून घातलेला, जनुकात बसवलेला, हार्मोन देऊन उमटवलेला आणि जातीचाच असून चांगल्या खाण्याने खुललेला. काचेआडून चारही देखणे दिसतात. म्हणून प्रत्येकामागे माशावर काय गुदरतं आणि तो रंग किती टिकतो, हे माहीत असायला हवं.

बाहेरून घातलेला रंग

याचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ग्लासफिश. मूळचा हा मासा इतका पारदर्शक की मणका आणि काटे आरपार दिसतात. त्याच्या पाठीच्या आणि पोटाच्या कडेने सुईने भडक रंग टोचतात आणि ‘पेंटेड’ किंवा ‘डिस्को’ नावाने विकतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या जिवाला एकदा टोचून भागत नाही, अनेक ठिकाणी टोचावं लागतं. प्रत्येक जखम म्हणजे जंतूंना मोकळी वाट. तीच सुई एका माशातून दुसऱ्यात जाते, तेव्हा विषाणूही पसरू शकतात. टोचलेल्या ग्लासफिशमध्ये लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य आजार जास्त आढळल्याचं पाहणीत दिसलं आहे. त्यात परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी येतात आणि त्यावर खात्रीचं औषध नाही.

दुसरी पद्धत बुडवण्याची. पांढरा विडो टेट्रा, अल्बिनो कॉरीडोरस, फिकट पॅरट असे मासे आधी दाहक द्रावणात बुडवून अंगावरचा बुळबुळीत थर काढतात, मग रंगाच्या पाण्यात सोडतात. हा थर माशाचं चिलखत आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार पाण्यापेक्षा जास्त असतात. थर गेला की बाहेरचं पाणी आत शिरतं, क्षार बाहेर झिरपतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यातून बरेच मासे दुकानापर्यंतही पोहोचत नाहीत. जे पोहोचतात, त्यांचा रंग काही महिन्यांत ओसरतो आणि घरी उरतो तो अशक्त, फिकट मासा.

लेझरने नक्षी किंवा अक्षरं काढलेले पॅरट आणि मॉली, तसंच ‘हार्ट’ आकारासाठी शेपूट कापलेले पॅरट याच रांगेतले. साधा ब्लड पॅरटसुद्धा संकरातून आलेला आहे आणि अनेकांचं तोंड नीट मिटत नाही. पॅरट घ्यायचाच असेल तर अखंड शेपटीचा, न रंगवलेला घ्या आणि त्याला बुडणारं, बारीक दाण्याचं खाणं द्या.

ओळखायचं कसं? दुकानातला गुलाबी-निळा एलईडी बंद करायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. टोचलेला रंग ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत साचलेला असतो आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखा नसतो. बुडवलेल्या माशाचं अंग एकसारखं पेस्टल रंगाचं दिसतं. डोळे लाल आणि अंग निळं असा अल्बिनो मासा तर सरळ नाकारा.

जनुकात बसवलेला रंग

चमकणारे झेब्राफिश आणि टेट्रा वेगळ्या प्रकारात मोडतात. त्यांच्यात जेलीफिश किंवा प्रवाळातलं प्रकाशमान प्रथिनाचं जनुक असतं. अमेरिकेत ते 2003 च्या अखेरीस विक्रीला आले. रंग जन्मापासून असतो, पिलांतही उतरतो, निळ्या प्रकाशात झळकतो, आणि सुई-द्रावणाचा छळ त्यात नाही. माशाच्या यातनांचा विचार केला तर रंगवलेल्यापेक्षा हा नक्कीच बरा.

प्रश्न कायद्याचा आणि नदी-ओढ्यांचा आहे. युरोपीय संघात त्यांची विक्री चालत नाही, इतरत्रही नियम वेगवेगळे आहेत. ब्राझीलमध्ये शेततळ्यांतून निसटलेले चमकते मासे ओढ्यांत वाढताना सापडले आहेत. त्यामुळे तुमच्या भागात असे मासे ठेवायला परवानगी आहे का ते आधी पाहा, आणि नको झालेला मासा किंवा टँकचं पाणी ओढ्या-तलावात कधीही सोडू नका.

हार्मोनचा रंग

फिकट माद्या आणि कोवळी पिलं भडक दिसावीत म्हणून नर-हार्मोन दिलं जातं. आफ्रिकन सिक्लिडच्या टँकमध्ये तीन-चार सेंटीमीटरची सगळी पिलं झळाळती दिसली आणि करडी मादी एकही नसली, तर संशय घ्या. हार्मोन थांबलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रंग उतरतो, प्रजननक्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. बोसेमानी रेनबोचं पिलू मात्र करडंच असतं, रंग वयात आल्यावर भरतो. फिकट पिलू घेण्यात इथे फायदाच आहे.

जातीचा रंग

कॅरोटिनॉइड नावाची लाल-पिवळी रंगद्रव्यं मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती खाण्यातून मिळवतो. त्यामुळे अॅस्टाझँथिन (असंच एक लाल रंगद्रव्य), क्रिल (कोळंबीसारखा छोटा सागरी जीव), स्पिरुलिना (शेवाळाची पूड) असलेलं खाणं देणं ही फसवणूक नाही, ते त्याचं पोषणच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा असं खाणं, अधूनमधून आर्टेमिया किंवा डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव, खाली गडद वाळू, मागे झाडं आणि दर आठवड्याला 25–30 टक्के पाणी बदल, एवढ्यावर चार ते आठ आठवड्यांत फरक दिसतो. जास्त घातलं तर उरलेलं खाणं कुजून पाणी बिघडतं, आणि पांढऱ्या गोल्डफिशवर पिवळट झाक येते. निऑन टेट्राची निळी पट्टी प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींची आहे, तिला या खाण्याने काही होत नाही. ती फिकी पडली तर पाणी आणि ताण तपासा.

लाल हवा असेल तर चेरी बार्ब घ्या, नर लालभडक होतो. पिवळ्यासाठी हनी गुरामी. निळ्या-लालसाठी कार्डिनल टेट्रा, निदान सहा-आठच्या थव्यात. निळा ड्वार्फ गुरामी सुंदर असतो, पण त्याच्यात इरिडोव्हायरसचा आजार आढळतो, म्हणून अंगावर फोड किंवा सुस्ती असलेला घेऊ नका.

‘मत्स्यशेतीत वाढवलेला तेवढाच चांगला’ असा सरसकट नियमही लावू नका. ब्राझीलच्या रिओ निग्रो भागात कार्डिनल पकडून लोक पोट भरतात, आणि त्या उत्पन्नामुळे नदीकाठचं जंगल राखण्याचं कारण टिकून राहतं. याउलट बांगाई कार्डिनलफिश हा सागरी मासा धोक्यातल्या यादीत आहे, तो टँकमध्ये पैदास केलेलाच घ्यावा. सागरी माशांत सायनाइड वापरून पकडलेलेही येतात, म्हणून उगम सांगू न शकणाऱ्याकडून घेऊ नये.

विक्रेत्याला शास्त्रीय नाव काय, पैदास कुठली, रंग नैसर्गिक आहे का, पिलांत उतरतो का आणि मासा दुकानात किती दिवस आहे, हे विचारा. समोर खाणं टाकायला सांगा. ‘सगळे असेच येतात’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं दुकान पाहा. दया येऊन रंगवलेला मासा विकत घेतला, तर दुकानदार त्याजागी दुसरा मागवतो.

असा मासा आधीच घरी असेल तर 20–40 लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये स्पंज फिल्टर लावून तीन-चार आठवडे ठेवा, अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषं) शून्यावर आहेत ना ते तपासत राहा, आणि गाठी, कुजलेले पर, सुस्ती यांवर लक्ष ठेवा. रंग उतरला म्हणून घाबरू नका, तो उतरणारच असतो. मासा खातपीत असेल तर पुढे त्याला त्याच्याच जातीच्या थव्यात सोडा.