व्यसनमुक्ती केंद्रातून सल्ल्याविरुद्ध बाहेर पडताना: ‘डामा’, लेखी विनंती की केंद्रबदल?

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या माणसाला तिथे थांबणे नकोसे झाले की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून त्याच दिवशी निघणे ही पहिली. रुग्णालयांत तिला सगळे ‘डामा’ म्हणतात. सुट्टीची लेखी विनंती देऊन, लागल्यास एक दिवस थांबून बाहेर पडणे ही दुसरी. तिसरी म्हणजे उपचार न सोडता केवळ केंद्र बदलणे. पहिल्या दोन वाटांनी माणूस घरीच पोहोचतो, पण त्याच्या हातात काय उरते यात मोठा फरक पडतो, आणि घाईत तोच लक्षात घेतला जात नाही.

तुलनेआधी दाखल होतानाचा अर्ज पाहावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केलेला आहे. जी प्रौढ व्यक्ती स्वतःच्या इच्छेने आणि सहीने दाखल झाली, ती ‘स्वतंत्र रुग्ण’ ठरते आणि कलम ८८ प्रमाणे तिने मागताच तिला सुट्टी द्यावी लागते. ‘ज्यांनी आणून सोडले त्यांची सही लागेल’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास ऐकू येते; स्वतंत्र रुग्णाच्या बाबतीत त्याला कायद्याचा आधार नाही, मग आगाऊ रक्कम भावाने भरलेली असो वा सासऱ्याने.

या हक्काला एकच अडसर आहे. रुग्णाने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, तो दुसऱ्यावर धावून गेला असेल, स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल किंवा आपण काय ठरवतो आहोत हे त्याला समजत नसेल, तर तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवता येते. तेवढ्या वेळात एकतर सोडावे लागते, नाहीतर कलम ८९ खाली रीतसर दाखल करून घ्यावे लागते. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्याप्रमाणे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. मुदत ३० दिवसांची असते आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावे लागते, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत. अशा रुग्णाला ‘डामा’ची वाट नसते, त्याने मंडळाकडे दाद मागावी, आणि वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते.

आता ‘डामा’ आणि लेखी विनंती शेजारी ठेवून पाहू. ‘डामा’च्या कागदावर बहुधा ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर, डॉक्टरांनी धोके समजावून सांगितल्यावरही जात आहे’ असे वाक्य असते, आणि रात्री अकरा वाजता रिक्षा दारात उभी असताना ते कोणी वाचत नाही. त्या सहीने केंद्राची आधीची हयगय माफ होत नाही आणि पुन्हा उपचार घेण्याचा हक्कही जात नाही. तोटा वेगळाच होतो: अशा निघण्यात औषधांची चिठ्ठी, सुट्टीचा सारांश आणि पुढच्या भेटीची तारीख यांतले बरेच काही मागे राहते. तारीख घालून दिलेल्या विनंतीची पोच घेतली, तर डॉक्टरांना औषधे हळूहळू कमी करण्याचा क्रम लिहून द्यायला वेळ मिळतो आणि केंद्राने टाळाटाळ केली तर हातात पुरावा राहतो. नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरांवर आचारसंहितेने बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून माणसाला अडकवून ठेवता येत नाही; देणे मात्र देणेच राहते.

माझ्या मते निर्णयाचा खरा काटा फिरतो तो कितव्या दिवशी निघायचे यावर. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ती बंद केल्यावर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, थरथर, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. पहिल्या आठवड्यात ‘डामा’ घेणे म्हणूनच सर्वांत महागात पडते. छत्रपती संभाजीनगरात नशेसाठी ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याला झटके याहून उशिराही येतात. अफूजन्य पदार्थ सोडलेल्याचा धोका उलट दिशेने वाढतो, कारण काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्या मात्रेनेच श्वास थांबू शकतो. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध चालू असेल, तर शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूचा घोटही घातक ठरू शकतो, आणि हे घरच्यांनाही सांगितलेले असावे.

निघण्याचे कारणही तपासावे. बीड-धारूरकडच्या ऊसतोड मजुराने मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असल्याने एकाचे थांबणे म्हणजे दोघांची मजुरी बुडणे. अशा वेळी ‘उपचार अर्धवट सोडू नका’ हे सांगणे खरे असले तरी अपुरे आहे. त्याच्यासाठी दुसरी वाट बरी: पहिला आठवडा पार करून, औषधे आणि कागद घेऊन निघावे आणि कारखान्याच्या गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची भेट ठरवून घ्यावी.

जेवण, गर्दी, न पटणारे समुपदेशन अशी तक्रार असेल तर तिसरी वाट चांगली. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत चौकशी करता येते. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला असल्याने मराठवाड्याची भिस्त याच विभागांवर आहे. मारहाण होत असेल किंवा साखळीने बांधले जात असेल, तर मात्र तुलनेचा प्रश्नच उरत नाही. साखळीने बांधण्यास कलम ९५ अन्वये पूर्ण मनाई आहे. तिथून आधी बाहेर पडावे, शक्य तितक्या लवकर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे, अंगावरच्या खुणांची नोंद करून घ्यावी आणि पोलीस व पुनर्विलोकन मंडळ या दोघांकडेही तक्रार द्यावी.