बाटलीवरची वीस मिनिटं नागपुरात चालत नाहीत

मातीच्या भांड्यांवर ब्रशने लावायच्या ग्लेझच्या (म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा चकचकीत थर होणाऱ्या लेपाच्या) सहा बाटल्यांचा सेट मी मार्चअखेर ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीतली अर्धी चूक शेवटी माझीच निघाली. २५० मिलीच्या बाटल्या, १२२० अंशांच्या आसपास भाजायच्या, सोबत एक ब्रश फुकट. आता सप्टेंबर आहे, पाच बाटल्या वापरून झाल्यात, म्हणून लिहितो.

आधी माझा माज सांगतो. नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये बावीस वर्षं मी दातांच्या कॅप बनवतोय. पोर्सिलेनची पावडर कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे, ९०० अंशांच्या आसपास भाजायचं, शेवटी ग्लेझ मारायचं. पेशंटचा दात ए-टू शेडचा की ए-थ्रीचा हे मला लांबून कळतं. त्यामुळे रविवारी मातीकाम शिकायला जायला लागलो तेव्हा वाटलं, चाक जमायला वेळ लागेल, पण ग्लेझ म्हणजे आपलं घरचंच काम.

पहिला कप मेमध्ये रंगवला. घराच्या गॅलरीत, दुपारी तीनला, बाहेर ४४ अंश. बाटलीवर लिहिलं होतं: तीन थर द्या, प्रत्येक थरानंतर साधारण वीस मिनिटं वाळू द्या. इथे वीस मिनिटं कुठली, वीस सेकंदसुद्धा नाहीत. ब्रश टेकवला की रंग तिथल्या तिथे चिकटायचा. पुढे ओढायला गेलो की मागचा थर खरवडून वर यायचा. तरी मी रेटत राहिलो. भट्टीतून कप बाहेर आला तेव्हा जिथे दोन फटकारे एकमेकांवर चढले तिथे गडद हिरवा, मध्ये मळकट फिका. दोन बोटं रुंदीचे पट्टे, बसच्या सीटच्या कापडासारखे. वर तळाशी जाड लागलेलं ग्लेझ वितळून खाली ओघळलं आणि भट्टीच्या फळीला चिकटलं. फळी घासून परत लेप द्यायचे पैसे स्टुडिओने माझ्याकडून घेतले, आणि बरोबरच घेतले.

स्टुडिओत भट्टी लावणारे एक काका आहेत, पिढीजात कुंभार. त्यांनी माझा पुढचा कप हातात घेतला. एकदा भाजलेला, ग्लेझ न लावलेला, त्याला बिस्क म्हणतात. त्यांनी त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला, थेंब दिसेनासा झाला. मग म्हणाले, ‘‘हे तं माठच हाय ना भाऊ. पह्यले पाणी पाजा त्याले. तहानलं हाय ते.’’

बावीस वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण दातांच्या कामात खालचा सांगाडा धातूचा किंवा झिर्कोनियाचा. तो पाणी पीत नाही. बिस्क मात्र पितं. नागपूरच्या उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या छिद्रांतून पाझरून गार होतं, तसलीच छिद्रं कपालाही असतात, आणि ग्लेझमधलं पाणी ती ओढून घेतात. बादलीत बुडवायच्या ग्लेझला हे हवंच असतं. भांडं बुडवलं, तीन मोजले, काढलं, की थर बसला. पण त्यासाठी बादलीभर ग्लेझ लागतं, आणि माझ्यासारख्या महिन्याला चार कप करणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून बाटली. बाटलीतल्या ग्लेझमध्ये डिंकासारखा एक पदार्थ घालतात, बहुतेक सीएमसी. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ब्रश सरकतो. पण मे महिन्यातल्या कोरड्या हवेपुढे आणि तापलेल्या बिस्कपुढे तो तरी किती धरणार?

त्यानंतर माझी पद्धत ठरली. काम पहाटे सहाला. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज बिस्कवरून एकदाच फिरवायचा. त्याने धूळही जाते. (धूळ किंवा हाताचं तेल राहिलं तर भट्टीत ग्लेझ तिथून मागे सरतं आणि टक्कल पडतं.) फार भिजवायचं नाही, नाहीतर बिस्कचं पोट भरतं आणि थर बसतच नाही. पहिल्या थरात चमचाभर पाणी जास्त. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा. आणि घड्याळाकडे बघायचंच नाही. ओली चमक गेली, पृष्ठभाग खडूसारखा मॅट दिसला, की पुढचा थर. तळाला चार-पाच मिलिमीटर कोरं सोडायचं. कूलर लावायचा की नाही यावर घरात वाद झाला. बायकोचं म्हणणं, ‘‘तुमच्या कपासाठी आम्ही उकडून घ्यायचं का?’’ कूलरची दमट हवा उलट बरीच पडली, फक्त झोत थेट कपावर नको, एक बाजू आधी वाळते.

आणि मग जुलै आला. तेच ग्लेझ, तीच गॅलरी, पण एक थर वाळायला दीड तास. मी सवयीने पंधरा मिनिटांत दुसरा चढवला, थर जाड झाला, वाळताना त्याला भेगा पडल्या आणि भट्टीत त्या भेगांपासून ग्लेझ गोळा झालं. शिवाय उन्हाळ्यात उघडलेल्या दोन बाटल्यांना कुजका वास यायला लागला होता. तो डिंक सडल्याचा वास. डिंक मेला की ग्लेझ पातळ होतं, ब्रशखाली धरत नाही आणि पावडर तळाशी दगडासारखी बसते. ही माझी कंपनीबद्दलची खरी तक्रार. बाटली थंड जागी ठेवा एवढी एक ओळ लेबलवर हवी होती. मी बाटल्या गच्चीच्या जिन्यातल्या कपाटात ठेवल्या होत्या, जिथे मेमध्ये मेणबत्त्या वाकतात.

आता एकेक बाटली. हिरवं, तांब्याच्या ऑक्साइडचं, सगळ्यांत चांगलं. तीन थर नीट दिले तर ब्रशच्या खुणा वितळून जातात. निळं बाटलीत फिकट जांभळं दिसतं, घाबरू नका, कोबाल्ट भट्टीतच निळा होतो. लोखंडाचं तपकिरी काठावर पातळ होऊन तांबूस फुटतं, कुल्हडछाप कपाला छान. पांढरं ठीक. पारदर्शक घेऊ नका. ब्रशने तीन थर दिले की ते जाड होतं, आतले बुडबुडे अडकतात आणि दुधाळ दिसतं. दोन पातळ थर दिले तर बरं येतं, पण मग एखादी जागा कोरी राहते. सहावी बाटली, लाल, अजून फोडली नाही. धीर होत नाही.

फुकटचा ब्रश नायलॉनचा आहे, ताठ. त्याने रेघा पडतात. मी शहाणपणा करून लॅबमधला कोलिन्स्कीचा (मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा, बारीक टोकाचा) ब्रश वापरून पाहिला. त्यात एका वेळी दोन थेंब मावतात, कप रंगवायला अर्धा दिवस गेला. शेवटी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, बकरीच्या केसांचा मऊ, इंचभर रुंद चपटा ब्रश १२० रुपयांत आणला. भरपूर बुडवायचा आणि रंग वाहू द्यायचा, घासायचा नाही. आमच्या धंद्यातली जुनी माणसं ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरतात. इथे ते अजिबात करू नका. वाळलेलं ग्लेझ खरवडतानाही मास्क लावा. ग्लेझमधल्या सिलिकाची धूळ फुप्फुसांतून निघत नाही, हे लॅबवाल्यांना चांगलं माहीत असतं.

बाटलीवर ‘अन्नासाठी सुरक्षित’ छापलंय, पण ते नीट भाजलं गेलं असेल तरच. मी हिरव्या वाटीत लिंबाची फोड रात्रभर ठेवली, सकाळी रंग जिथल्या तिथे होता. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण फोडीखालचा रंग उतरला असता तर त्या वाटीत मी फक्त चाव्या ठेवल्या असत्या. दुसरी परीक्षा रविवारच्या तर्री पोह्यांची. पांढऱ्या वाटीला महिन्याभरात बारीक लाल जाळं उमटलं. ग्लेझला तडे, तड्यांत तर्री. हे दुखणं मात्र माझ्या ओळखीचं. थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं की ताणून फुटतं. कॅपमध्ये म्हणूनच पोर्सिलेन धातूपेक्षा किंचित कमी आकसणारं निवडतात, म्हणजे ते दाबाखाली राहतं. तेव्हा दोष एकट्या पांढऱ्याचा नाही, माझी माती आणि हे ग्लेझ यांचं जमलं नाही. आधी त्याच मातीच्या तुकड्यावर लावून पाहायला हवं होतं.

दोघा-तिघांनी विचारलं की दिवाळीच्या पणत्या आणून त्यांना हे लावता येईल का. नाही. साध्या लाल मातीची पणती १२२० अंशांना बसकण मारते, फळीही जाते. त्यासाठी कमी तापमानाचं ग्लेझ वेगळं मिळतं.

पाचपैकी साडेतीन. सेट घेऊ नका, सुट्या बाटल्या घ्या. मी परवा हिरवी आणि निळी परत मागवली आहे. आल्या की स्वयंपाकघरात माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवणार, बायकोची परवानगी मिळाली आहे, झाकणं घट्ट लावायच्या अटीवर.