सत इसबगोल: पुड्यातला माल चांगला, पण निम्मं औषध नळाचं पाणी

केमिस्टकडे जाऊन ‘पोट साफ होत नाही, काहीतरी द्या’ म्हटलं की जे काही हाती पडतं, त्यात सत इसबगोल सर्वांत भरवशाचा. आज रात्री घेतला आणि उद्या सकाळी मोकळं झालं, असं मात्र धरून चालू नका. त्याला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. पहिल्या रात्री फरक दिसला नाही म्हणून दुसऱ्या रात्री दुप्पट घेणारे बरेच असतात, आणि तिसऱ्या दिवशी पोट फुगलं म्हणून पुड्याला नावं ठेवतात.

इसबगोलच्या बीवरचं पातळ साल म्हणजे ही भुशी. पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात होतं, उंझाच्या बाजारात येतं आणि सिद्धपूरच्या आसपासच्या कारखान्यांत त्याची साल काढली जाते. ‘टेलिफोन’ छापाचा डबा असो की दुसरी कुठली कंपनी, साध्या भुशीत फारसा फरक नसतो. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर टाकून बघा. काही मिनिटांत सगळं फुगून बुळबुळीत व्हायला हवं. तळाशी काळे कण किंवा रेती बसत असेल तर माल नीट निवडलेला नाही. रंग फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा असतो.

संत्र्याच्या चवीचं पाकीट घेताना मागची बाजू वाचाच. बऱ्याच पाकिटांत साखर चांगलीच असते, आणि मधुमेह असलेले लोक ‘इसबगोलच तर आहे’ म्हणून बिनधास्त पितात. बारीक पावडर लवकर घट्ट होते, तिच्या गुठळ्याही होतात. शिवाय एका चमच्यात भुशीपेक्षा पावडर वजनाने बरीच जास्त बसते, तेव्हा भुशीचं चमच्याचं प्रमाण पावडरला लावू नका. आमचं मत साध्या, अख्ख्या भुशीच्या बाजूने.

घ्यायची पद्धत: चहाचा एक चमचा भुशी, भरलेला ग्लास म्हणजे सुमारे 250 मिली पाणी, झटकन ढवळायचं आणि लगेच प्यायचं. त्यावर आणखी एक ग्लास साधं पाणी. फोन आला म्हणून ग्लास दहा मिनिटं ओट्यावर राहिला तर आत चिकट गोळा तयार होतो. तो गिळण्यापेक्षा ओतून द्या आणि नवा करा. तीन-चार दिवस एका चमच्यावर राहून, गरज वाटली तरच दोन करायचे. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं, कारण ती घशातच फुगून अडकू शकते. घेतल्या घेतल्या आडवंही होऊ नका. जेवणानंतर घेऊन झोपेपर्यंत तासभर तरी जाऊ द्या.

दुधातून घेतला तर पोट साफ होतं आणि दह्यातून घेतला तर जुलाब थांबतात, हे घरोघरी सांगतात. भुशी दोन्ही वेळा एकच काम करते: पाणी धरून ठेवते. कडक मल त्याने मऊ होतो, पातळ मल जरा दाट होतो. म्हणून कोमट दूध चालेल, पण वरचं पाणी सोडायचं नाही. पाणी कमी पडलं तर हीच भुशी मलाचा आकार वाढवते आणि पुढे सरकू देत नाही. मग आधीपेक्षा जास्त कुंथावं लागतं.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. गिळायला त्रास होणारे, आतडं अरुंद झालेले किंवा अडथळ्याचा संशय असलेले, अंथरुणाला खिळलेले आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले हृदय-किडनीचे रुग्ण, यांच्यासाठी हा पुडा नाही. ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांनी झालेल्या मलावरोधातही तो सहसा उपयोगी पडत नाही. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

उद्या सकाळीच हवं असेल तर बिसाकोडिलची 5 मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतात; सहा ते बारा तासांत काम होतं. गोळी अख्खी गिळायची, चावायची नाही. दूध किंवा अँटासिड तासभर आधी-नंतर नको. त्याने वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात. अधूनमधून एखादी ठीक, आठवडाभर रोज नको. लॅक्ट्युलोज हे पातळ औषध सौम्य आहे, 15 ते 30 मिली, एक-दोन दिवसांत असर. गोड मिट्ट लागतं आणि गॅस होतो. मॅग्नेशियम असलेली पांढरी पातळ औषधं किडनीच्या रुग्णांनी स्वतःहून घेऊ नयेत. त्यात लिक्विड पॅराफिन असेल तर झोपून पिऊ नये, श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते.

‘आयुर्वेदिक आहे, रोज घेतलं तरी चालतं’ म्हणून खपणारी चूर्णं उलटून पाहा. अनेकांत सोनामुखी असते, म्हणजे आतड्याला ढोसणारं औषधच. काहींत मीठही असतं, रक्तदाबवाल्यांनी बघावं. एरंडेल तेलही आतड्याला ढोसणारंच. गरोदरपणात तर ते नकोच.

प्रवास, किंवा साबुदाणा-बटाट्यावर काढलेले उपासाचे दिवस, अशा कारणाने अडलेलं पोट इसबगोलाने सुटतं. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर आधी तिकडे बघा, पोट त्यांनीही अडतं. जोराची पोटदुखी, उलटी, वायूही न सरणं हे असेल तर कुठलंच रेचक न घेता थेट दवाखाना. शौचात रक्त, काळी शी, वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय किंवा आठवडाभरात फरक नाही, तरीही डॉक्टर.

फोडलेला पुडा हवाबंद डब्यात काढा आणि चमचा कोरडाच घाला. पावसाळ्यात ओल लागून गोळे झाले तर फेकून द्या. पुडा ओतताना उडणाऱ्या धुळीने काहींना शिंका किंवा दमा सुरू होतो. अंगावर पुरळ आलं किंवा श्वास लागला तर पुन्हा घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.