इमॅजिका: साताऱ्याहून जाताना दोन पार्कांचं तिकीट घ्यावं का?

साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर, तिथून खोपोलीजवळचं इमॅजिका हे मनोरंजन पार्क आणखी ७०-७५. पहाटे साडेपाचला निघालात तर पुण्यातल्या नवले पुलाची कोंडी टळते. थोडा चहा-नाष्टा धरून दहाच्या सुमारास गेटवर पोचता. थीम आणि वॉटर पार्क एकत्र घेण्याचा निर्णय याच वेळापत्रकावर ठरतो.

हिशोब सोपा आहे. जोड तिकिटाच्या किमतीतून एकट्या थीम पार्कची किंमत वजा करा. उरलेली रक्कम म्हणजे वॉटर पार्कची खरी किंमत. आता वेळ बघा. कपडे बदलणं, लॉकर, अंघोळ, केस वाळवणं यातच तासभर जातो, शिवाय नायलॉनचा पोशाख आणि लॉकर यांचे पैसे वेगळे. हातात तीन तास उरत असतील तरच जोड तिकीट परवडतं. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत उरत नाहीत, कारण ‘नायट्रो’सारख्या मोठ्या राइडची रांगच दुपार खाते. तेव्हा एकच पार्क घ्या, निवांत बघा.

मुलांची उंची घरीच मोजा, हे फार महत्त्वाचं! मोठ्या राइडना उंचीची अट असते. बुटक्या मुलाला थीम पार्कपेक्षा पाण्यातच जास्त मजा येईल.

आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणार आणि रात्री लोणावळ्यात मुक्काम असेल, तर जोड तिकीट जरूर घ्या. आधी पाणी, मग राइड. वॉटर पार्क सहसा लवकर बंद होतो.