मोरो आणि इगोरोत भाले घेणार असाल तर आधी हे वाचा, माझे 68,500 पेसो गेलेत

मोरो भाला 42,000. इगोरोत भाले दोन, प्रत्येकी 11,500. वर "एक्स्पोर्टचे कागद करून देतो सर" म्हणून 3,500. एकूण 68,500 पेसो, म्हणजे आपले लाखभर रुपये. तिन्ही भाले नकली निघाले आणि कागद तर आलेच नाहीत. इथे फिलिपिन्समध्ये मनिला, दावाओ, बागियो सगळीकडे आपली माणसं आहेत, परत जाताना भिंतीवर लावायला काहीतरी "जुनं ट्रायबल" घ्यायची हौस असतेच, म्हणून लाज गिळून लिहितोय.

आणि कृपया "अभ्यास न करता कशाला घेतलं" असं कोणी विचारू नका. अभ्यास होता. मोरो म्हणजे इथल्या दक्षिणेकडचे मुस्लिम, पण तो एक समाज नाही, तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ, याकान असे वेगवेगळे लोक आहेत, आणि इगोरोत म्हणजे तिकडे उत्तरेला कॉर्डिलेराच्या डोंगरातले बोंतोक, इफुगाओ, कांकानाय वगैरे, हे मला माहीत होतं. मोरो भाल्याचं पातं लांब, पानासारखं, त्याचं मागचं टोक दांड्यात घुसवून राळेनं बसवलेलं आणि सांध्यावर पितळेचं नाहीतर चांदीचं कडं. बोंतोकचा काटेवाला भाला तो फालफेग, बिनकाट्याचा फांगकाओ, जेंक्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1905 मध्येच हे सगळं छापून ठेवलंय. इगोरोत दांड्यावर वेताची विणलेली कडी असतात. हे सगळं पाठ होतं, आणि त्या विकणाऱ्या माणसालाही पाठ होतं, तिथेच घात झाला. नुसतं "मोरो, व्हेरी ओल्ड" म्हणणाऱ्याला मी दारातून परत पाठवला असता, पण हा तौसुग म्हणाला, त्यांच्या जोलो बेटाचं नाव म्हणाला, कड्यावरच्या नक्षीला ओकिर म्हणाला.

मग कहाणी. मोरो भाला म्हणे बुद दाहोचा. मार्च 1906 मध्ये जोलोच्या त्या डोंगरावर अमेरिकन फौजेनं शेकडो माणसं मारली, बायका पोरांसकट, ते खरंच झालंय. तिथून एका सैनिकानं नेलेला, आता घरच्यांनी विकायला काढलेला. आणि इगोरोत जोडी 1904 च्या सेंट लुईसच्या जत्रेतली, जिथे इगोरोत लोकांना नेऊन त्यांचं गावच प्रदर्शनात मांडलं होतं. दोन्ही घटना खऱ्या, म्हणून तर माणूस विश्वास ठेवतो. मेलेल्या लोकांच्या नावावर हा माणूस ट्रकच्या पाट्याचं लोखंड विकतोय, याचा मला पैशापेक्षा जास्त संताप आहे.

आता तो क्षण. तिन्ही भाले टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. मी इगोरोत भाल्याच्या वेताच्या विणीवरून बोट फिरवलं, मग मोरो भाल्याच्या कड्याखाली पण वेत होता त्यावरून फिरवलं. वीण तीच. सुरुवात तीच, शेवटचं टोक खाली खोचायची पद्धत तीच, वेताचा रंगही तोच. जोलो देशाच्या पार दक्षिणेला, बोंतोक उत्तरेच्या लुझोन बेटाच्या डोंगरात, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोन्हीकडे एकाच माणसाचा हात? बोटाला ते कळलं होतं. मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, वेत नंतर दुरुस्त केलाय सर, जुना वेत टिकत नाही. हे उत्तर बरोबरच आहे हो, जुना वेत खरंच टिकत नाही, जाणकार माणूसही हेच म्हणाला असता! त्या एका वाक्यावर 42,000 गेले.

घरी आल्यावर पातं व्हिनेगरच्या फडक्यानं पुसलं. जुन्या चांगल्या मोरो पात्यांत बऱ्याचदा घडाईचे थर रेषांसारखे वर येतात. इथे काहीच नाही, सपाट एकजात पोलाद, तांबूस रंग फडक्यावर आला आणि खाली ग्राइंडरचे सरळ समांतर ओरखडे. मानेपाशी वेल्डिंग. कडं सरकवलं तर आत राळ नाही, पांढरं एपॉक्सी, म्हणजे आजचा रासायनिक डिंक. फालफेगचे काटे तर पत्र्यातून कापून काढलेले, कडा अजून धारदार.

पुढचा भाग जास्त चीड आणणारा. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी पावती बघितली. पावतीवर लिहिलंय "नेटिव्ह डेकोर, 3 नग". अँटिक हा शब्दच नाही, मग फसवणूक कसली, म्हणे दिवाणी प्रकरण आहे, बारांगायकडे, म्हणजे इथल्या वॉर्ड-पंचायतीकडे जा. बारांगाय म्हणे विक्रेता आमच्या हद्दीत राहत नाही. पैसे मोबाईलवरून गेले म्हणून सायबरवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले वस्तू हातात मिळाली ना मग आमचा विषय नाही. स्मॉल क्लेम्स कोर्टात 10 लाख पेसोपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालतो, पण त्याला समन्स पाठवायला पत्ता लागतो, आणि पत्ता काढून द्यायचं काम कोणाचंच नाही. प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची, प्रत्येकानं झेरॉक्स मागायची, आणि एकानं तर हसून विचारलं की भाला कशाला हवा होता. मला हवा होता म्हणून हवा होता, त्याचा तक्रारीशी काय संबंध? कुठेही साधा लेखी पोच मिळाला नाही.

पावतीवर वस्तूचं वय आणि समाजाचं नाव लिहून घ्या, लिहायला नको म्हणाला तर तिथूनच उठा. कागद करून देतो म्हणणाऱ्याला एक पेसो देऊ नका, 2009 च्या हेरिटेज कायद्याप्रमाणे जुनी वांशिक वस्तू देशाबाहेर न्यायला नॅशनल म्युझियमची परवानगी लागते, ती स्वतः विचारायची. खरी वस्तू परवानगीशिवाय नेलीत तर तुम्हीच अडकाल. कहाणी ऐकताना भाला उलटा धरा आणि फक्त सांधा बघा. दोन प्रांतांच्या वस्तू एकाच दुकानात असतील तर वीण, डिंक, गंज शेजारी ठेवून जुळवा. आधी मनिलाच्या म्युझियममध्ये जाऊन खरे भाले तासभर बघा, फोटोवर जाऊ नका.

हा माणूस अजून विकतोय. पांढरं एपॉक्सी, मानेला वेल्डिंग आणि वेताचं टोक डावीकडून खाली खोचलेलं, असा भाला कोणी दाखवला, मग तो जोलोचा म्हणो की बोंतोकचा, तर पैसे देण्याआधी कड्याचा आणि मानेचा फोटो काढून मला पाठवा, माझ्या तिन्ही भाल्यांशी ताडून लगेच सांगतो. आणि त्याचा पत्ता कोणाकडे असेल तर तोही हवाय, दाव्याचा फॉर्म भरून तयार आहे.