लसणाचं जेल: रोहूला लागू, मरळला फुकट

मासेमारीच्या आमिषाला वास यावा म्हणून लावायच्या लसणाच्या जेलची, ऑनलाइन साडेचारशेला घेतलेली ही बाटली गेला हिवाळाभर वापरली. झाकण उघडलं की काठावर लसूणच लसूण. नागपूरजवळच्या झिल्पी तलावावर शेजारी बसलेल्या एकाने विचारलंच, "काऊन भाऊ, मासे धरता का फोडणी देता?"

पण मालात दम आहे. पाण्यात विरघळणारा वासच माशाच्या नाकापर्यंत पोचतो. नुसतं तेल असलं तर त्याचा तवंग वर जातो आणि डिसेंबरच्या गार पाण्यात ते आमिषाच्या गोळ्यालाच चिकटून बसतं. हे जेल मात्र हळूहळू सुटत राहतं. शेंगदाण्याची पेंड, भाजून कुटलेली मेथी आणि कणीक घट्ट मळायची, जेल अगदी शेवटी, तेही थेंबभर. जास्त पडलं तर गोळा सैल होतो आणि गळ टाकतानाच सुटून जातो. बरोबर जमलं की तरंगा (दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बोंड) आधी नुसता थरथरतो, थांबतो, मग आडवा सरकायला लागतो. हा रोहू. घाई करायची नाही. मागूरला तर मिशांनीच नाही, अंगाच्या कातडीनेही चव कळते, त्यामुळे तळाला टाकलेल्या गांडुळाला हे लावलं तर वाया जात नाही.

मरळसाठी गळाच्या नकली, रबरी बेडकाला फासायचं असेल तर पैसे वाचवा. मरळ हालचाल बघून झडप घालते, वास घेत बसत नाही. शिवाय चार फेकींत जेल धुऊन जातं. तळाशी सावकाश ओढायच्या मऊ रबरी अळीला लावलं तर मासा ती लगेच थुंकत नाही, गळ ओढायला क्षणभर जास्त मिळतो, एवढाच फायदा. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटलेल्या हातानेच आमिष लावणाऱ्यांनी आधी हात धुवावे, वासाच्या गोष्टी मग कराव्या.

तक्रारी दोन. आत काय आहे ते बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही. आणि झाकण कच्चं आहे: आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा डिक्कीत ठेवलेली बाटली पाझरली आणि सीटखालची पिशवी अजून वास मारते.

इतवारी बाजारातून आणलेल्या मेथी-हिंगावर माझं बहुतेक काम भागतं. कंपनीने पक्क्या झाकणाची छोटी बाटली काढली तर थंडीपुरती घेईन. या किमतीत दुसरी घेणार नाही.