परदेशातील सेवाप्रकल्प : पाहायला जावे की राबायला?

कोल्हापुरातून स्वयंसेवक म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली रोटरीच्या फ्रेंडशिप एक्सचेंजसारख्या दौऱ्याची. यात सदस्य नसलेल्यांनाही गटात घेता येते, मुक्काम बहुधा यजमानांच्या घरी असतो आणि पुढे त्यांचा गट आपल्याकडे आला की पाहुणचाराची परतफेड करायची असते. दुसरी वाट श्रमशिबिराची. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दून परिसरातील एका गावात स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० साली असे शिबिर भरवले आणि त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. अशा शिबिरांत साधारण दोन ते चार आठवडे एकाच ठिकाणी राहून काम करायचे असते.

प्रवासखर्च दोन्हीकडे आपलाच असतो. शिबिरात नोंदणीशुल्क भरल्यावर राहण्याजेवण्याची सोय यजमान संस्था करते.

खरा फरक आहे तो काय पाहायला मिळते यात. दौऱ्यात एका दिवसात दोन-तीन प्रकल्प उरकले, तर बोलतात ते बहुतेक पदाधिकारीच आणि ज्यांच्यासाठी प्रकल्प चालतो ती माणसे बाजूला उभी राहतात. हे आपल्याला परके नाही. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीची घरे पाण्याखाली गेली, तेव्हा भेट देणाऱ्यांच्या बाजूला नव्हे, तर ज्यांना भेट दिली जाते त्यांच्या बाजूला आपला जिल्हा होता. संकटातल्या माणसाला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे आणि न विचारता त्याचे छायाचित्र काढणे किती बोचते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांनी परदेशातही ते विसरू नये. बालकाश्रमाची धावती भेट कार्यक्रमात असेल तर ती नम्रपणे नाकारावी, कारण पाहुण्यांनी चार घटका माया लावून निघून जाणे मुलांच्या हिताचे नसते.

तरीही दौरा कमी प्रतीचा आहे असे मी म्हणणार नाही. येथे दिव्यांगांसाठी किंवा पूरग्रस्तांसाठी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आणि जेमतेम पंधरा दिवसांची रजा मिळणाऱ्या कार्यकर्त्याला दौराच अधिक उपयोगी पडतो, कारण हिशेब कसा ठेवता, स्वयंसेवक टिकतात कसे, असे नेमके प्रश्न तो सोबत घेऊन जातो आणि उत्तरेही त्याला लगेच उमगतात. महाविद्यालयीन तरुणाने मात्र शिबिरच निवडावे. त्याच्याजवळ अजून विचारण्यासारखे प्रश्न नसतात, ते काम करतानाच सुचतात.

जवळचा पर्याय हवा असेल तर श्रीलंकेतील सर्वोदय चळवळीचा विचार जरूर करावा. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातील शिक्षक ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ साली विद्यार्थ्यांना कनतोलुवा गावी नेऊन ती सुरू केली. तेथेही कामाला श्रमदानच म्हणतात आणि गावकरी स्वतः राबतात, त्यामुळे पाहुणा आणि लाभार्थी हा भेद मुळातच कमी राहतो.

व्हिसाच्या बाबतीत दौरा सोपा आहे. अनेक देशांत बिनपगारी कामही कामच मानले जाते आणि त्यासाठी पर्यटक व्हिसा चालत नाही, म्हणून शिबिरार्थींनी यजमानांकडून लेखी निमंत्रण घेऊन दूतावासाला खरा हेतू कळवावा. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांसाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमाही लागतो.

तिकीट काढण्यापूर्वी यजमानांना पत्र लिहून दोन गोष्टी विचाराव्यात : प्रत्येक प्रकल्पावर किती तास थांबता येईल आणि तेथील लोकांना ही भेट मान्य आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर तो प्रकल्प कार्यक्रमातून वगळायला सांगावे.